जकणी बावी ते यमनूर : गोळीबार, चौकशी आणि पोलीससुधारणेचे एक शतक

धारवाडच्या बाजारपेठेत जकणी बावी नावाची जागा आहे. बावी म्हणजे विहीर. तेथे हुतात्म्यांचे एक स्मारक उभे आहे. १ जुलै १९२१ रोजी याच परिसरात पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि तीन माणसे मरण पावली. बाजारहाट करून परतताना आम्ही या स्मारकावरून कितीदा तरी गेलो असू. परंतु हे तिघे तेथे कशासाठी जमले होते आणि त्यांच्या मृत्यूचा जाब कोणी कोणाला विचारला, हे प्रश्न आमच्या मनात फार उशिरा आले.

ते आले एप्रिल २०२५ मध्ये. त्या महिन्याच्या १३ तारखेला हुबळीत पाच वर्षांच्या एका मुलीचे अपहरण होऊन तिचा खून झाला. सारे शहर हादरले. लोक पोलीस ठाण्यासमोर जमून न्याय मागू लागले. त्याच दिवशी संशयित इसम पोलिसांच्या गोळीने मेला. त्याने दगडफेक करून पळण्याचा प्रयत्न केला, असे पोलिसांचे म्हणणे होते. न्याय मागणारे लोक मग पोलिसांचा जयजयकार करू लागले. त्या मुलीच्या आईबापांच्या दुःखापुढे कोणताही युक्तिवाद थिटा आहे, हे आम्ही जाणतो. तरीही मनात आले, की ज्या जुळ्या शहरांनी पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांचे स्मारक उभारले, त्यांनीच आज पोलिसांच्या गोळीला न्याय म्हणावे, हे कसे घडले? या लेखात आम्ही तोच धागा इतिहासातून शोधू पाहत आहोत.

नरगुंदची फाशी आणि पोलीसदलाचा जन्म

आपल्या पोलीसदलाची घडण कोणत्या हेतूने झाली, हे आधी पाहिले पाहिजे. लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील यांनी जे दल उभारले ते नागरी वस्तीत वावरणारे आणि सामान्यतः बिनहत्यारी होते. हिंदुस्थानात मात्र तो नमुना आला नाही. सर चार्ल्स नेपियर यांनी १८४३ साली सिंध जिंकल्यावर तेथे जे पोलीसदल बांधले, त्याला आदर्श होता आयर्लंडमधील सशस्त्र कॉन्स्टॅब्युलरीचा. जित प्रदेश ताब्यात ठेवणे हे त्या दलाचे पहिले काम होते. सिंध पुढे मुंबई इलाख्याला जोडला गेला, आणि तेथून हा नमुना इलाख्यात पसरला.

मग सत्तावनचा उठाव झाला. आमच्या भागात त्याची ठिणगी पडली ती नरगुंदला. दत्तकाची परवानगी नाकारल्याने दुखावलेले तेथील संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी मे १८५८ मध्ये मॅन्सन या इंग्रज अधिकाऱ्याला ठार केले आणि १२ जून १८५८ रोजी बेळगावला त्यांना फाशी झाली. अशा उठावांची धास्ती ताजी असतानाच १८६० साली पोलीस आयोग बसला आणि १८६१ चा पोलीस कायदा आला. मुंबई इलाख्याने आपले वेगळे कायदे केले. त्यांतील १८९० चा जिल्हा पोलीस कायदा धारवाडलाही लागू होता. तपशील निराळे असले तरी पोलीस सरकारला उत्तरदायी असावेत, रयतेला नव्हे, हे सूत्र सर्वत्र तेच होते.

या व्यवस्थेतील दोष राज्यकर्त्यांनाही दिसत होते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून धरू नये, असे कलम १८७२ च्या पुरावा कायद्यात त्यांनीच घातले. आपल्याच पोलिसांवर एवढा अविश्वास दाखवणारे कलम करायचे, आणि त्याच पोलिसांना रयतेवर अमर्याद अधिकार द्यायचे! १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगानेही पोलीसदल अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी असल्याचा निर्वाळा दिला. पण आयोगाने दाखवलेला रोग आणि सरकारला हवे असलेले दल, यांत सरकारने दलाचीच निवड केली.

१ जुलै १९२१

१९२१ चे धारवाड डोळ्यांपुढे आणावे. जिल्हा मुंबई इलाख्यात होता. कचेऱ्यांत मराठी जाणणारे कारकून, बाजारात कानडी, गल्लीबोळांत दखनी उर्दू. असहकार आणि खिलाफत या दोन्ही चळवळी एकाच ओघात वाहत होत्या. बेळगावचे गंगाधरराव देशपांडे कर्नाटकातील काँग्रेसचे अग्रणी होते. दारूच्या दुकानांसमोर निरोधन करणे, म्हणजे गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवणे, हा चळवळीचा एक भाग होता. अबकारीचे उत्पन्न हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार असल्याने हे हात जोडणेही सरकारला झोंबत होते.

१ जुलैला दारूच्या दुकानापाशी जमाव आणि पोलीस समोरासमोर आले आणि गोळीबार झाला. तिघे मेले, अनेक जखमी झाले. मेलेले तिघेही मुसलमान होते. जमाव हिंसक होऊन दुकानावर चालून आला होता, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. गोळी चालवण्याजोगी परिस्थिती नव्हतीच, असे काँग्रेसचे म्हणणे होते. गोळीबाराच्या प्रत्येक घटनेत या दोन बाजू याच शब्दांत मांडल्या जातात. वाचकाने एखादे जुने आणि एखादे नवे वर्तमानपत्र शेजारी ठेवून पाहावे.

पुढे काय झाले, हे अधिक बोलके आहे. खटले भरले गेले ते जमावातील माणसांवर. गोळी झाडणाऱ्यांचा निवाडा त्यांच्याच वरिष्ठांनी केला. तेव्हा काँग्रेसने आपली स्वतंत्र चौकशी समिती नेमली. तीत अब्बास तय्यबजी होते. बडोद्याचे हे माजी न्यायाधीश जालियनवाला बागेनंतरच्या काँग्रेसच्या पंजाब चौकशीतही होते. गांधीजींनी 'यंग इंडिया'मधून धारवाडच्या प्रकरणाकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले.

या समितीला समन्स काढण्याचा अधिकार नव्हता. तिच्या निष्कर्षाने कोणालाही शिक्षा होणार नव्हती. तरीही साक्षी लिहून घेणे, घटनाक्रम जुळवणे, जखमा कोठे झाल्या याची नोंद करणे, हे काम तिने नागरिकांच्या वतीने केले. आमच्या मते धारवाडच्या त्या दिवसांतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. ज्याने गोळी झाडली त्यानेच तिचा निवाडा करू नये, हे तत्त्व या समितीने कृतीने मांडले. पोलीससुधारणेच्या पुढील साऱ्या मागण्या या एका तत्त्वाच्या फांद्या आहेत.

याच काळाची दुसरी बाजूही झाकून ठेवता येणार नाही. सात महिन्यांनी, फेब्रुवारी १९२२ मध्ये, चौरीचौरा येथे गोळीबाराने खवळलेल्या जमावाने पोलीस ठाणे पेटवले आणि बावीस पोलीस मेले. गांधीजींनी देशव्यापी चळवळ थांबवली. पोलिसांच्या हिंसेचा निषेध करणाऱ्याने पोलिसावरील हिंसेचा हिशेब टाळला तर निषेधाचे नैतिक बळ उरत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मालप्रभेचे पाणी आणि १९८० चा जुलै

स्वातंत्र्य आले. १९५६ च्या पुनर्रचनेत धारवाड म्हैसूर राज्यात गेले. १९६३ साली राज्याचा नवा पोलीस कायदा झाला. पण अधिकारांची उतरंड बहुतांशी जुनीच राहिली.

सौंदत्तीजवळ नविलतीर्थ येथे मालप्रभेवर धरण झाले. कालव्यांचे पाणी नरगुंद-नवलगुंदच्या काळ्या जमिनीत आले, आणि त्यामागोमाग सुधारणा कर आला. जमिनीची किंमत वाढली म्हणून शेतकऱ्याने सरकारला द्यावयाचा हा कर. प्रत्यक्षात अनेकांच्या शेतात पाणी पोहोचले नव्हते, आणि कापसाचे भाव कोसळले होते. पाणीपट्टी आणि कर यांची थकबाकी फुगत गेली. २१ जुलै १९८० रोजी बंद पुकारला गेला. दोन्ही तालुके तेव्हा धारवाड जिल्ह्यातच होते. नरगुंदला गोळीबार झाला, एक शेतकरी मेला. संतापलेल्या जमावाच्या हातून एक पोलीस उपनिरीक्षक मारला गेला. नवलगुंदलाही गोळी चालली, आणखी एक शेतकरी मेला.

या घटनेचे राजकीय परिणाम दूरवर गेले. त्याच वर्षी कर्नाटक राज्य रयत संघ उभा राहिला आणि १९८३ च्या निवडणुकीत गुंडूराव यांचे सरकार गेले. २१ जुलै हा दिवस कर्नाटकातील शेतकरी आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात. मात्र कर, पाणी आणि भाव यांवर एवढे मंथन झाले तरी गोळी कोणी, कोणाच्या हुकमाने, कोणती खबरदारी घेऊन झाडावी, या प्रश्नावर जनआंदोलन उभे राहिले नाही. सरकार बदलले, पोलीस ठाणे बदलले नाही.

याच सुमारास दिल्लीत एक मोठे काम पुरे होत आले होते. १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. नरगुंदचा गोळीबार त्याच काळातला. आणीबाणीत पोलिसांचा जो वापर झाला तो पाहूनच हा आयोग नेमला गेला होता. पण सारे अहवाल येईपर्यंत सत्तापालट झाला होता, आणि ते कपाटात गेले.

आपले आणि परके

येथे आम्ही मराठी भाषकांनी स्वतःलाच एक प्रश्न विचारायला हवा. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मधील मुंबईचा गोळीबार आपल्याला पाठ असतो. फ्लोरा फाउंटनचे हुतात्मा स्मारक आपल्या अस्मितेचा भाग आहे. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात बेळगाव परिसरात गोळीबार झाला, त्यातील नऊ हुतात्म्यांना हिंडलग्याच्या स्मारकापाशी दर १ जूनला अभिवादन होते. पण धारवाडच्या तिघांची, नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांची आठवण आपल्यापैकी किती जण ठेवतात? उलट बाजूने विचारले तरी उत्तर तेच येईल. प्रत्येक समाजाने आपापले हुतात्मे वाटून घेतले आहेत. हुबळीच्या ईदगाह मैदानावरून १५ ऑगस्ट १९९४ रोजी झालेल्या गोळीबारात माणसे मेली. त्यांच्या मृत्यूचीही चर्चा मैदान कोणाचे आणि ध्वज कोणी फडकवावा या अंगानेच अधिक झाली. गोळीबार टाळता आला असता काय, हा प्रश्न मागे पडला.

म्हणजे पोलिसांच्या हिंसेला आपला विरोध तत्त्वाचा नसून नात्याचा आहे. आपला माणूस मेला की ती दडपशाही, दुसऱ्याचा मेला की ती कायदा-सुव्यवस्था. सुधारणा रेंगाळण्याचे हे एक मोठे कारण आम्हाला वाटते. एकत्र मागणी करणारा असा समाजच उभा राहत नाही.

जेथे मागणी नात्यापलीकडे गेली तेथे कायदा हलला, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७२ साली चंद्रपूर भागातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडल्यावर १९७९ मध्ये चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मथुरेच्या जातीच्या वा गावच्या नसलेल्या हजारो स्त्रिया देशभर रस्त्यावर आल्या. परिणामी १९८३ साली कोठडीतील बलात्काराविषयीचा कायदा बदलला.

यमनूर, २०१६

नवलगुंद तालुक्यात बेण्णीहळ्ळ ओढ्याकाठी यमनूर हे गाव आहे. मराठी वाचकाला हे गाव जवळचे वाटावे असे एक कारण आहे. येथील दैवताला हिंदू चांगदेव म्हणतात आणि मुसलमान राजाबागसवार, म्हणजे वाघावर बसून येणारा. ज्ञानदेवांच्या भेटीला वाघावरून आलेल्या चांगदेवांची कथा ज्याने ऐकली आहे त्याला हे नाव उलगडून सांगण्याची गरज नाही.

२७ जुलै २०१६ रोजी म्हादई पाणीतंटा लवादाने कर्नाटकची अंतरिम मागणी फेटाळली. कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या आशेवर वर्षभर आंदोलन करणारे नवलगुंद भागातील शेतकरी खवळले. सरकारी मालमत्तेची नासधूस झाली. त्यानंतर पोलीस यमनूरमध्ये शिरले आणि घराघरांतून माणसांना ओढून काढून त्यांनी मारहाण केली. वृद्ध आणि स्त्रियाही सुटल्या नाहीत. फरक एवढाच, की या वेळी चित्रफिती होत्या. दूरचित्रवाणीवर साऱ्या राज्याने लाठ्या पडताना पाहिल्या. काही पोलीस निलंबित झाले.

परंतु त्याच वर्षीची दुसरी घटना याच्या शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. यमनूरच्या आधी जेमतेम दोन महिने, ४ जून २०१६ रोजी, कर्नाटकातील पोलीस शिपायांनी सामूहिक रजेवर जाण्याचे ठरवले होते. अपुरा पगार, सुट्टी न मिळणे, वरिष्ठांच्या घरची कामे, ही त्यांची गाऱ्हाणी होती. सरकारने अत्यावश्यक सेवा कायद्याचा धाक घातला आणि आंदोलनाच्या म्होरक्याला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक केली. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये पोलीस शिपायांचे आंदोलन असेच, लष्कर बोलावून, मोडले गेले होते. ज्याला स्वतःचे गाऱ्हाणे सांगण्याची सोय नाही, ज्याच्यावर वरून आवाज चढतो आणि ज्याला खाली फक्त लाठी उगारता येते, त्या शिपायाने जमावाशी संयमाने वागावे ही अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो? यमनूरची मारहाण यामुळे क्षम्य ठरत नाही. मात्र सुधारणेत शिपायाच्या कामाचे तास, निवास आणि प्रशिक्षण यांचा समावेश नसेल तर ती कागदावरच राहील.

कागदावरची सुधारणा

कागद मात्र कमी नाहीत. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला आणि सात निर्देश घातले. राज्य सुरक्षा आयोग, महासंचालकांची गुणवत्तेवर निवड, महत्त्वाच्या पदांवर किमान दोन वर्षांचा कार्यकाल, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, आणि राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण, हे त्यांतील मुख्य. सातवा निर्देश केंद्रीय दलांविषयी होता. कर्नाटकाने २०१२ साली आपला पोलीस कायदा दुरुस्त करून यांतील काही गोष्टी स्वीकारल्या, महाराष्ट्राने २०१४ साली. याखेरीज अटकेविषयीचे १९९६ चे डी. के. बसू प्रकरणातील नियम आहेत, आणि पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे.

मुंबईतील चकमकींच्या प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सोळा सूचना दिल्या. चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवावा, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने वा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी करावा, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी आणि संशय फिटेपर्यंत संबंधितांना शौर्यपदक वा बढती देऊ नये, असे त्यांत आहे. १९२१ साली तय्यबजींच्या समितीने जे तत्त्व बिनअधिकाराने मांडले, ते येथे अखेर न्यायालयाच्या आदेशात उतरले. २०२५ च्या हुबळीतील मृत्यूचा तपासही गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, आणि एक नागरी स्वातंत्र्य संघटना उच्च न्यायालयात गेली. यंत्रणा हलली, हे नाकारता येणार नाही. पण ती हलवणाऱ्यांना शहरातील जयजयकाराच्या विरुद्ध जाऊन उभे राहावे लागले.

दुसरीकडे, जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला चालू नये, हे जुने संरक्षण नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम राहिले आहे. ही संहिता लागू झाली १ जुलै २०२४ रोजी. धारवाडच्या गोळीबाराला त्याच दिवशी एकशे तीन वर्षे पूर्ण झाली होती. शिवाय जुळ्या शहरांत आता पोलीस आयुक्तालय असल्याने पूर्वी जिल्हाधिकाऱ्याकडे असलेले दंडाधिकाऱ्याचे अनेक अधिकार पोलिसांच्याच हाती आहेत. स्वतंत्र चौकशीची गरज त्यामुळे वाढली आहे.

आशेला जागा

मग आशा कोठे आहे? नेपियर यांनी जेथून नमुना आणला त्या आयर्लंडकडेच पाहावे. ती सशस्त्र कॉन्स्टॅब्युलरी १९२२ साली विसर्जित झाली. उत्तर आयर्लंडमध्ये तिची वारस असलेली संघटना मात्र चालू राहिली, आणि तेथील कॅथलिक समाजाचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. शांतता करारानंतर पॅटन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला आणि २००१ साली दलाची नावासकट पुनर्रचना झाली. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल आला, त्याचे स्वतःचे तपासनीस आले. आजही तेथे सारे सुरळीत आहे असे नाही. पण ज्या साच्यातून आपले दल निघाले तो साचाच बदलता येतो, हे तेथे सिद्ध झाले. अमेरिकेत २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. वाटेवरच्या एका मुलीने घेतलेली चित्रफीत आणि त्यानंतरचा लोकक्षोभ यांमुळे त्या पोलिसाला २०२१ मध्ये दोषी ठरवले गेले. पुरावा आणि जागा समाज, या दोन गोष्टी एकत्र आल्या की निलंबनाच्या पुढे पाऊल पडते.

आपल्याकडे पुरावा आता हातातल्या फोनमध्ये आहे. २००८ पासून धारवाडला उच्च न्यायालयाचे पीठ आहे, म्हणजे दाद मागायला बेंगळुरूची वाट धरावी लागत नाही. तक्रार प्राधिकरण कायद्यात आहे. उणीव आहे ती परक्यासाठीही तोच नियम मागणाऱ्या समाजाची. खुनाच्या संशयितालाही न्यायालयात उभे करा, असे म्हणणे त्या मुलीच्या विरुद्ध जाणे नव्हे. खटला चालला असता तर तिच्यावर काय ओढवले याचा पुराव्यानिशी निवाडा झाला असता. आता तो कधीच होणार नाही.

आमची एक साधी सूचना आहे. येत्या १ जुलैला आपल्या मंडळाने जकणी बावीपाशी जमावे. भाषणे नकोत. धारवाडच्या तिघांबरोबर नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी, तेथे मारला गेलेला पोलीस उपनिरीक्षक आणि हिंडलग्याचे नऊ जण, या सर्वांचे स्मरण एकत्र करावे. आणि तेथून निघताना आपल्या जिल्ह्याच्या पोलीस तक्रार प्राधिकरणाची कचेरी कोठे आहे, तेथे कोण बसते आणि वर्षभरात किती तक्रारींचा निकाल लागला, हे विचारणारा अर्ज सर्वांच्या सहीने पाठवावा.